तिसरा बॉलर

१९९६ सालच्या फेब्रुवारीतली गोष्ट. उरणमध्ये द्रोणागिरी डोंगराच्या पायथ्याशी भात कापून मोकळी झालेली शेतं, मधले बांध सपाट करून तयार केलेलं मैदान, चारी बाजूंनी बांबूंवर लावलेले हॅलोजन. टेनिस बॉलची स्पर्धा तीन दिवस चालली होती. ३२ गावांचे संघ आले होते आणि तिसऱ्या दिवशी रात्री साडेदहाला अंतिम सामना रंगला होता. समोरच्या संघाला शेवटच्या ओव्हरमध्ये १३ धावा हव्या होत्या. ज्याच्या जोरावर आम्ही अंतिम सामन्यापर्यंत आलो, तो आमचा डावखुरा बॉलर लाँगऑनला उभा होता. त्याच्या २ ओव्हर संपल्या होत्या. ६ ओव्हरच्या सामन्यात एकाने २ पेक्षा जास्त टाकायच्या नाहीत, असा नियम. दुसऱ्या चांगल्या बॉलरच्याही २ संपलेल्या. आमचा कर्णधार म्हणजे माझा थोरला चुलतभाऊ. तो बॉल पँटीला पुसत थांबला आणि बांधावरून कुणीतरी ओरडलं, "आता कोनाला देनार बॉल?"

दादाने बॉल मला दिला. मी संघातला तिसरा बॉलर. चौथ्या बॉलवर सामना संपला.

घरी जाताना मला कुणी काही बोललं नाही. दादा तर दुसऱ्या दिवशी नेहमीसारखा सकाळी घरी चहाला आला. पण त्या रात्री मनात बसलेला प्रश्न पुढे तीस वर्षं माझ्याबरोबर राहिला. आमच्याकडे तालुक्यातला सगळ्यात चांगला बॉलर होता. मग आम्ही हरलो कसे? आणि उलट विचारायचं तर, बॉलिंगच्या जोरावर एखादा संघ स्पर्धा किती जिंकू शकतो? पुढे खेळणं सुटलं तसा मी स्कोअररच्या टेबलावर बसू लागलो. उरण तालुक्यातल्या कितीतरी गावांच्या स्पर्धांच्या वह्या मी लिहिल्या. दिवसा कंटेनर यार्डात डब्यांचे नंबर उतरवायचे आणि सुट्टीच्या दिवशी धावा मांडायच्या, असं आयुष्य गेलं. या प्रश्नाचं उत्तर मात्र मला एका परक्या खेळात सापडलं.

माझा भाचा अमेरिकेत न्यू जर्सीत असतो. २ नोव्हेंबर २०२५ च्या रविवारी पहाटे साडेपाचला त्याचा फोन आला. तिकडे शनिवारची रात्र होती. "मामा, उठा आणि बेसबॉल लावा. वर्ल्ड सिरीजचा सातवा सामना आहे. तुम्हाला बॉलिंगचं वेड आहे ना, मग हे बघाच."

लॉस एंजेलिस डॉजर्स आणि टोरंटो ब्लू जेज. सात सामन्यांच्या मालिकेत ३-३ अशी बरोबरी. सामना अकराव्या इनिंगपर्यंत गेला, इकडे साडेनऊ वाजून गेले. शेवटी डॉजर्सकडून एक जपानी पिचर आला, योशिनोबू यामामोतो. भाचा फोनवर ओरडत होता, "मामा, याने कालच्या सामन्यात ९६ बॉल टाकलेत!" आदल्या रात्री सहा इनिंग टाकलेला तो माणूस दुसऱ्या रात्री पुन्हा ३४ बॉल टाकून गेला. डॉजर्स ५-४ ने जिंकले. त्याच मालिकेतला दुसरा सामना तर त्याने पहिल्या बॉलपासून शेवटच्या बॉलपर्यंत एकट्याने टाकला होता. चार विजयांपैकी तीन त्याच्या नावावर लागले.

चहा निवून गेला होता. मी भाच्याला विचारलं, "यांच्यात दोन ओव्हरचा नियम नसतो का?"

तिथपासून मी बेसबॉलचा अभ्यास सुरू केला. आपल्या वाचकांसाठी आधी तो खेळ दोन शब्दांत सांगतो. बेसबॉलमध्ये बॉल टाकणाऱ्याला पिचर म्हणतात. तो बॅटरपासून ६० फूट ६ इंचांवर, मातीच्या लहानशा उंचवट्यावर उभा राहतो. म्हणजे आपल्या पिचच्या लांबीपेक्षा पाच-सहा फूट जवळ. बॉलचा टप्पा पडत नाही, सरळ हवेतून जातो. तीन स्ट्राइक झाले की बॅटर बाद, चार बॉल बाहेर गेले की बॅटर फुकट पहिल्या बेसवर, म्हणजे धावेच्या वाटेवरच्या पहिल्या थांब्यावर. एका संघाच्या ९ इनिंग, प्रत्येकीत ३ गडी बाद, असे २७ गडी बाद करायचे. एकच पिचर थकेपर्यंत टाकत राहतो, साधारण शंभर बॉलांपर्यंत. एकदा त्याला काढला की तो त्या सामन्यात परत येऊ शकत नाही. मग मागे बुलपेन नावाच्या जागेत हात गरम करत बसलेल्यांपैकी एक येतो.

मुख्य पिचरला एकदा टाकल्यावर चार-पाच दिवस विश्रांती लागते. म्हणून संघ पाच मुख्य पिचर ठेवतात आणि ते पाळीपाळीने येतात. अमेरिकेच्या मोठ्या लीगमध्ये ३० संघ आहेत, प्रत्येकाने हंगामात १६२ सामने खेळायचे. त्यांतले १२ संघ प्लेऑफला, म्हणजे आपल्या भाषेत बाद फेरीला जातात. बाद फेरी म्हणजे एकेक सामना नव्हे, मालिका. आधी तीन सामन्यांची, मग पाचांची, मग सात-सातांच्या दोन; त्यांतली शेवटची म्हणजे वर्ल्ड सिरीज.

१६२ सामने खेळून बाद फेरी गाठायची तर पिचिंग किती कामाचं? याला एक जुनं गणित आहे. बिल जेम्स नावाच्या अमेरिकन माणसाने ते मांडलं. संघाने केलेल्या धावांचा वर्ग घ्यायचा, दिलेल्या धावांचा वर्ग घ्यायचा, दोन्हींच्या बेरजेने पहिल्या वर्गाला भागायचं. आलेला आकडा म्हणजे त्या संघाने जिंकायला हवेत तेवढ्या सामन्यांचं प्रमाण. एखाद्या संघाने वर्षभरात ७०० धावा केल्या आणि ७०० दिल्या, तर तो निम्मे सामने जिंकेल, ८१. आता त्याने १०० धावा जास्त काढणारे बॅटर आणले असं धरू. ८०० आणि ७००. उत्तर येतं साधारण ९२ विजय. त्याऐवजी १०० धावा कमी देणारे पिचर आणले, ७०० आणि ६००, तर साधारण ९३.

मी हे गणित वहीच्या मागच्या पानावर तीनदा करून पाहिलं. ९२ आणि ९३. वाचवलेली धाव काढलेल्या धावेपेक्षा केसभर जड, जवळजवळ सारखीच. आमच्याकडे माईकवरचे समालोचक दर सामन्यात म्हणतात, "बॅट्समन सामना जिंकवतात, बॉलर स्पर्धा जिंकवतात." ऐकायला छान वाटतं, पण लांबच्या हंगामात ते खरं नाही. तिथे दोघांचं वजन सारखं.

त्यातही रोखलेल्या सगळ्या धावा पिचरच्या नावावर टाकता येत नाहीत. २००१ च्या सुमारास व्होरोस मॅक्रॅकन नावाच्या एका अभ्यासकाने एक गोष्ट दाखवली आणि अमेरिकेतले जुने जाणकार चकित झाले. बॅटला लागून मैदानात पडलेल्या बॉलचं काय होईल, यावर पिचरचा हात फार थोडा चालतो. तो स्वतः ठरवतो ते तीन स्ट्राइकचे बळी, फुकट दिलेले बेस आणि कुंपणाबाहेर गेलेले फटके. बाकीचं क्षेत्ररक्षक आणि नशीब. मला हे वाचून बरं वाटलं आणि वाईटही. बरं अशासाठी, की टेनिस बॉलमध्ये मी हेच पाहत आलो. यॉर्करवर उडालेला स्टंप बॉलरचा, पण बांधाजवळ पळत जाऊन घेतलेला झेल दोघांचा. वाईट अशासाठी, की वह्यांमध्ये मी तो झेल नेहमी बॉलरच्याच खात्यावर मांडला.

टोरंटोच्या त्या रात्रीही हेच झालं. नवव्या इनिंगमध्ये तिन्ही बेसवर टोरंटोचे खेळाडू होते आणि एका धावेने सामना संपला असता. डॉजर्सच्या मिगेल रोहासने तोल जाता जाता बॉल थेट होम प्लेटवर, म्हणजे धाव पूर्ण होते त्या जागी फेकला, बोटभर अंतराने गडी बाद झाला. पुढच्याच फटक्यावर अँडी पाहेसने धावत येऊन, आपल्याच माणसावर आदळत झेल घेतला. यामामोतोचं नाव इतिहासात गेलं, तेव्हा त्यात या दोघांचेही हात होते.

आता बाद फेरी. इथे गणित बदलतं आणि मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे ते इथेच.

अमेरिकेतला अटलांटा ब्रेव्हज हा संघ घ्या. १९९१ पासून २००५ पर्यंत, १९९४ चं संपामुळे अर्धवट राहिलेलं वर्ष सोडलं, तर सलग १४ हंगाम ते आपल्या गटात पहिले आले. त्यांच्याकडे ग्रेग मॅडक्स, टॉम ग्लॅव्हिन आणि जॉन स्मोल्ट्झ असे तीन पिचर होते. एका संघात असे तीन एकदम येणं दुर्मीळच. सर्वोत्तम पिचरला मिळणारा साय यंग पुरस्कार १९९१ ते १९९८ या ८ वर्षांत ६ वेळा याच संघात गेला. पुढे तिघेही हॉल ऑफ फेममध्ये बसले. आणि वर्ल्ड सिरीज? पाचदा तिथवर पोचले, जिंकले एकदाच, १९९५ साली.

आता आपल्याकडे या. माझे वडील भाऊच्या धक्क्यावर कामाला होते. मोरा बंदरातून सकाळची लाँच पकडायची, संध्याकाळच्या लाँचने परत, हातात घडी घातलेला पेपर. मी तेव्हा दोन-तीन वर्षांचा असेन, पण वडिलांनी ती गोष्ट इतक्यांदा सांगितली की मला ती पाहिल्यासारखी आठवते. १९७२-७३ चा रणजी करंडकाचा अंतिम सामना, मद्रासचं चेपॉक मैदान, मुंबई विरुद्ध तमिळनाडू. खेळपट्टी पहिल्या दिवसापासून वळत होती आणि तमिळनाडूकडे वेंकटराघवन आणि व्ही. व्ही. कुमार होते. अजित वाडेकरच्या मुंबईने दोन डावांत केल्या फक्त १५१ आणि ११३ धावा. तमिळनाडूच्या कल्याणसुंदरमने हॅट्ट्रिकही घेतली. एवढं करूनही तमिळनाडू ८० आणि ६१ मध्ये बाद झाले. डावखुऱ्या पद्माकर शिवलकरांनी १६ धावांत ८ आणि १८ धावांत ५ बळी घेतले. पाच दिवसांचा सामना तिसऱ्या दिवसाच्या पहिल्याच बॉलवर संपला. मुंबईचं ते सलग पंधरावं रणजी विजेतेपद.

वडील "पंधरावं" म्हणताना प्रत्येक वेळी थांबत. त्या थांबण्याचा अर्थ मला पुष्कळ उशिरा कळला.

मुंबई सलग पंधरा वेळा, अटलांटा चौदांत एकदा. मुंबईत फक्त बॉलर नव्हते हे खरं. तेव्हाची मुंबईची फलंदाजी देशात सर्वांत भरवशाची होती आणि त्या काळात दुसऱ्या प्रांतांचे संघ तितके तयार नव्हते. पण खेळाच्या रचनेतही मोठा फरक आहे. बेसबॉलमध्ये १६२ पैकी १०० सामने जिंकणारा संघ म्हणजे फार मोठा संघ, म्हणजे शंभरात बासष्ट. बाकीचे अडतीस तोही हरतो, कारण एका रात्रीच्या बेसबॉलमध्ये दैवाला भरपूर जागा असते. तोडीस तोड संघाविरुद्ध तुम्ही शंभरात पंचावन्न सामने जिंकणार असाल, तर सात सामन्यांची मालिका जिंकण्याची शक्यता शंभरात साधारण एकसष्ट. अशा तीन मालिका ओळीने जिंकायच्या म्हणजे चार-पाचांत एकदा. मॅडक्स, ग्लॅव्हिन, स्मोल्ट्झ असले तरी हा हिशोब फारसा हलत नाही. रणजीत मात्र अंतिम सामना पाच दिवसांचा. दोन डाव, शेकडो ओव्हर. चांगल्या संघाला आपलं चांगलेपण दाखवायला भरपूर वेळ मिळतो आणि एक वाईट तास भरून काढता येतो. त्यात चांगल्या बॉलरला ओव्हरची मर्यादा नाही.

ही शेवटची गोष्ट मला महत्त्वाची वाटते. त्या अंतिम सामन्यात तमिळनाडूचे २० गडी पडले आणि त्यांतले १३ एकट्या शिवलकरांनी घेतले. म्हणजे जवळजवळ दोन तृतीयांश काम एका माणसाचं. असं करायला क्रिकेट परवानगी देतं, खांदा परवानगी देत असेल तर.

विदर्भाच्या लोकांना हे वेगळं सांगायला नको. २०१७-१८ मध्ये विदर्भाने पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला. कोलकात्यात कर्नाटकविरुद्धच्या उपांत्य सामन्यात विदर्भाचा पहिला डाव १८५ वर संपला. कर्नाटकने ३०१ केल्या. तिथून सामना वाचवणंही कठीण होतं. रजनीश गुरबाणीने पहिल्या डावात ५ आणि दुसऱ्या डावात ७ बळी घेतले, विदर्भ ५ धावांनी जिंकला. मग इंदूरला दिल्लीविरुद्ध अंतिम सामन्यात त्याने हॅट्ट्रिक घेतली. रणजीच्या अंतिम सामन्यातली ती दुसरी हॅट्ट्रिक. पहिली घेणारा तोच कल्याणसुंदरम, १९७२-७३ च्या चेपॉकवरचा. वडील असते तर मी त्यांना हे पळत जाऊन सांगितलं असतं. हॅट्ट्रिक दोघांनी घेतली. एकाचा संघ जिंकला, एकाचा सव्वाशे धावांनी हरला. पुढे २०२४-२५ मध्ये विदर्भाने तिसऱ्यांदा करंडक नेला, तेव्हा हर्ष दुबेने त्या हंगामात ६९ बळी घेऊन रणजीचा विक्रम केला. तिथेही एकाच माणसाच्या हातात बॉल वारंवार देता आला.

बेसबॉलच्या बाद फेरीत काय होतं? तिथे पिचिंगची जात बदलत नाही, वाटा बदलतो. मालिकेत मधूनमधून विश्रांतीचे दिवस मिळतात. पुढच्या हंगामासाठी हात राखायचा विचार कमी होतो. मग चौथा, पाचवा पिचर मागे पडतो आणि पहिले दोन-तीन पुन्हा पुन्हा येतात. याचं सगळ्यात मोठं उदाहरण २०१४ चं. सॅन फ्रान्सिस्को जायंट्सने हंगामात फक्त ८८ सामने जिंकले होते, कसेबसे बाद फेरीत शिरले. त्यांच्याकडे मॅडिसन बमगार्नर होता. हंगामभर त्याने टाकलेल्या इनिंग २१७ आणि वर एक तृतीयांश, म्हणजे संघाच्या एकूण कामाचा सातवा हिस्सा. बाद फेरीच्या १७ सामन्यांत त्याने टाकल्या जवळजवळ ५३, म्हणजे तिसरा हिस्सा. वाटा दुपटीहून जास्त झाला. कॅन्सस सिटीविरुद्धच्या वर्ल्ड सिरीजमध्ये पाचवा सामना त्याने पूर्ण टाकला आणि समोरच्याला एकही धाव दिली नाही. नंतर फक्त दोन दिवस विश्रांती घेऊन सातव्या सामन्यात मधूनच येऊन ५ इनिंग, ६८ बॉल, पुन्हा एकही धाव नाही. जायंट्स जिंकले.

म्हणजे उत्तर असं निघतं. बाद फेरी गाठायला पिचिंग साधारण निम्मं, त्यातही क्षेत्ररक्षणाचा वाटा धरून. बाद फेरीत गेल्यावर सगळ्या पिचिंगचं वजन वाढत नाही, सगळ्यात चांगल्या पिचरचं वाढतं. किती वाढतं ते नियम, विश्रांतीचे दिवस आणि त्याचा खांदा मिळून ठरवतात. आणि एवढं सगळं जमूनही करंडक हातात येईलच असं नाही, म्हणून अटलांटा.

शिवलकरांनी आपल्या आत्मचरित्राला 'हा चेंडू दैवगतीचा' असं नाव दिलं. प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये ५८९ बळी घेऊनही त्यांना एकही कसोटी खेळायला मिळाली नाही, कारण तेव्हा बिशनसिंग बेदी होता. मार्च २०२५ मध्ये ते गेले तेव्हा मी वडिलांची आठवण काढून दिवसभर अस्वस्थ होतो. ज्याच्या हातात बॉल दिला की सामना आपला, असा माणूसही दैवगती म्हणतो, तेव्हा त्यातलं प्रत्येक अक्षर त्याने भोगलेलं असतं.

हे सगळं घेऊन मी पुन्हा उरणला येतो.

आमच्याकडच्या स्पर्धा पाहिल्या नसतील त्यांना सांगतो. दिवाळीनंतर भात घरात आलं की डिसेंबरपासून पाऊस पडेपर्यंत प्रत्येक गावात एक तरी स्पर्धा. आगरी, कोळी, कराडी वस्त्यांची गावं, गावाची मंडळं, मोठमोठे चषक, कधी मोटारसायकल. मी खेळलो त्यांतली अर्धी मैदानं आता कंटेनरखाली गेली. न्हावाशेव्याचं बंदर १९८९ मध्ये सुरू झालं, मग रस्ते रुंद होत गेले. २०२४ च्या जानेवारीत एकाच दिवशी अटल सेतू आणि उरणची लोकल आली. पण स्पर्धा कमी झाल्या नाहीत. आता पनवेल, ठाण्याचे संघ रात्री गाडीने येतात आणि पहाटे परत जातात.

३२ संघांची स्पर्धा जिंकायला ५ सामने जिंकावे लागतात, एकही हरून चालत नाही. तुमचा संघ दहांपैकी सात सामने जिंकणारा असेल तरी पाचही ओळीने जिंकण्याची शक्यता शंभरात सतरा. सहा स्पर्धा खेळाल तर एक जिंकाल. आणि सामना ६ ओव्हरचा, ३६ बॉल. दैव अटलांटावर जेवढं रागावलं, त्याच्या दसपट रागवायला इथे जागा आहे.

त्यात आमचा २ ओव्हरचा नियम. सगळ्यात चांगला बॉलर १२ बॉल टाकू शकतो, एक तृतीयांश. नेमका बमगार्नरच्या विक्रमी बाद फेरीएवढाच वाटा, फक्त इथे तो प्रत्येक संघाच्या प्रत्येक चांगल्या बॉलरला आयताच मिळतो. म्हणून त्यातून फरक पडत नाही. ३२ पैकी जे आठ-दहा संघ जोरदार, त्या सगळ्यांकडे एक वेगवान बॉलर असतोच. दुसराही बहुतेकांकडे असतो. राहिलेले १२ बॉल कोण टाकतो, यावर सामना फिरतो. रणजीत पहिला बॉलर स्पर्धा जिंकवतो, बेसबॉलमध्ये पहिले दोन-तीन. उरणच्या शेतातली स्पर्धा तिसरा बॉलर जिंकवतो.

हे मी वह्यांमधून गेली काही वर्षं पाहत होतो, पण शब्दांत मांडता येत नव्हतं. गावोगावची मंडळं हंगामाआधी पैसे जमवतात आणि बाहेरून एक तुफान फटकेबाज आणतात, कारण षटकारांना माईकवर कौतुक मिळतं, पाचशेची नोटही मिळते. तिसऱ्या बॉलरचा शोध कुणी घेत नाही. जो फिल्डिंगला बरा आहे, बॅटिंगला सातवा येतो, त्याला "तू दोन टाक" सांगतात. त्याच्याकडून वर्षभर सराव करून घेत नाहीत. मला कुणी करून घेतला नव्हता. यॉर्कर टाकायचा म्हणजे नक्की पाय कुठे पडला पाहिजे, ओला बॉल दोन बोटांत कसा धरायचा, हे मी त्या रात्रीनंतर शिकलो. आमच्या मंडळाला मी आता दरवर्षी एकच सांगतो: बाहेरचा फटकेबाज आणू नका, तेच पैसे गावातल्या तीन पोरांच्या बॉलिंगवर घाला. दोन वर्षांपूर्वी ते पटलं. एक सोळा वर्षांचा, एक कॉलेजला जाणारा, एक करंजाला मासळीच्या होडीवर जाणारा, असे तिघे पावसाळ्यानंतर रोज संध्याकाळी एका स्टंपवर बॉल टाकतात. मी खुर्ची टाकून बसतो आणि स्टंपला किती लागले ते मोजतो.

त्यांच्याकडे पाहताना मला आमचा तो डावखुरा आठवतो. १९९६ मध्ये तो बावीस वर्षांचा होता. आमच्याकडून खेळायचा, शिवाय ज्या गावाला बॉलर हवा त्यांच्याकडूनही. रविवारी सकाळी एका मैदानावर, दुपारी दुसऱ्या, रात्री तिसऱ्या. एका सामन्यात १२ बॉल म्हणजे काहीच नाही, असं सगळ्यांना वाटायचं, त्यालाही. पण दिवसाचे पाच-सहा सामने धरले तर ते साठ-सत्तर बॉल होतात, टेनिसच्या हलक्या बॉलवर पूर्ण ताकदीने, खांदा ओढून, हिवाळ्याच्या रात्री हात गरम न करता. दोन सामन्यांमध्ये तासभर बसून थंड झालेला हात पुन्हा एकदम झटकायचा. अठ्ठाविसाव्या वर्षी त्याने खेळणं सोडलं. आज पावसाआधी पागोळ्यांना प्लास्टिक बांधायचं असेल तर त्याचा डावा हात डोक्याच्या वर जात नाही, मुलाला बोलवावं लागतं. माझ्या वहीत त्याचे बळी आहेत. त्याने दिवसाला किती बॉल टाकले, ते कुठेच नाही. एकेका सामन्याच्या पानावर विखुरलेलं आहे, आणि ती पानं वेगवेगळ्या गावांच्या वह्यांत.

बेसबॉलवाले हे मोजतात. १९७४ मध्ये फ्रँक जोब नावाच्या डॉक्टरांनी टॉमी जॉन या पिचरच्या कोपरात त्याच्याच हाताची कंडरा काढून बसवली आणि तो पुन्हा खेळला. त्या शस्त्रक्रियेला आजही त्याचंच नाव आहे आणि कितीतरी पिचर तिच्यातून जातात. त्या अनुभवातून बेसबॉलवाल्यांनी मुलांसाठी नियम केले. तिकडच्या लिटल लीगमध्ये २००७ पासून बॉल मोजले जातात. अकरा-बारा वर्षांच्या मुलाने दिवसाला ८५ च्या वर टाकायचे नाहीत आणि ६६ किंवा त्याहून जास्त टाकले तर पुढचे चार दिवस पिचिंग बंद. यामामोतोने दोन रात्रींत १३० बॉल टाकले ते पाहून मी टाळ्या वाजवल्या, खोटं कशाला बोलू. पण तो पूर्ण तयारीचा व्यावसायिक खेळाडू, पाठीशी डॉक्टर, आणि पुढे तीन-चार महिने सुट्टी. आमच्या सोळा वर्षांच्या पोराला सोमवारी सकाळी लोकल पकडायची असते आणि पुढच्या रविवारी पुन्हा तीन मैदानं.

म्हणून यंदा जानेवारीत गावच्या स्पर्धेला मी वहीत एक रकाना वाढवला. प्रत्येक बॉलरचे त्या दिवसाचे एकूण बॉल, सगळे सामने मिळून. बाहेरगावच्या पोरांना आधी विचारून घेतो, सकाळी दुसरीकडे किती टाकून आलास. सुरुवातीला आयोजकांना हे नको होतं, सामना खोळंबतो म्हणाले. दादा आता मंडळाचा अध्यक्ष आहे. तो टेबलापाशी आला, वही उलटीकडून वाचली आणि म्हणाला, "लिही तू."

उपांत्य सामन्याआधी सोळा वर्षांचा तो पोरगा टेबलावर वाकला. हातात बॉल होता, पट्टी गुंडाळलेलं मनगट होतं.

"काका, माझे किती झाले?"

मी रकाना बघितला. "अठ्ठेचाळीस."

त्याने बॉल कॉलेजवाल्याच्या हातात दिला आणि डीपला जाऊन उभा राहिला.